मैत्रिणीला गर्भाशयाचा कर्करोग झालाय, सोबत नेमकी कशी करू?

सांजवारा (सांगली)

माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचं नुकतंच कळलं. वय ५८. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि दिवाळीनंतर अधूनमधून लाल डाग दिसायला लागले. उष्णता असेल म्हणून तिने सब्जा घेतला, गुलकंद घेतला, मग प्रवासाने झालं असेल म्हणाली. शेवटी सोनोग्राफी झाली तेव्हा अस्तराची जाडी १४ मिलिमीटर निघाली. क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला 'एंडोमेट्रिऑइड, ग्रेड २', म्हणजे अस्तराच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, मधल्या दर्जाचा. एमआरआय झालाय. पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढायचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात मिरजेला आहे.

घरी ती आणि यजमान दोघंच. मुलगा बंगळुरूला. यजमान फार भले आहेत, पण रिपोर्ट आल्यापासून त्यांचं बोलणंच बंद झालंय. आणि ही उलट येणाऱ्या-जाणाऱ्यांना धीर देते, चहा करते. मला ते बघवत नाही. मी बँकेत आहे, रजा मोजक्याच. तिच्यासाठी जे करेन ते तिच्या उपयोगाचं असावं एवढीच इच्छा आहे. ज्या यातून गेल्यात किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. काय करू आणि काय मुळीच करू नको?

रानजाई

सांजवारा, मी यातून गेले आहे, तेव्हा ४६ वर्षांची होते. आज तब्येत उत्तम आहे, हे आधी सांगते.

पहिली गोष्ट: 'काही लागलं तर सांग गं' हे वाक्य बोलू नका. प्रेमाने म्हटलेलं असतं, पण काय लागेल हे ठरवायचं आणि कुणाला सांगायचं हे आठवायचं काम पेशंटवरच पडतं. आणि आपल्या बायका मागत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने सरळ सांगितलं, 'मंगळवार आणि शुक्रवार रात्रीचं जेवण माझ्याकडून. भाजी कुठली नको ते फक्त सांग.' तो डबा ऑपरेशनच्या आधी सुरू झाला आणि रेडिएशन संपून महिना झाला तरी येत होता. मंगळवार आला की आज स्वयंपाकाचं बघायचं नाही एवढं माहीत असायचं, आणि त्याचा केवढा आधार होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसरी: कुणाला सांगायचं आणि किती सांगायचं हे तिला विचारून घ्या, आणि ते काटेकोर पाळा. माझी बातमी माझ्याआधी माझ्या सासरच्या गावी पोचली होती. त्यानंतर फोन सुरू झाले, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. डाग कधी दिसला, मग काय केलं, डॉक्टर काय म्हणाले. शेवटी माझ्या आतेबहिणीने एक व्हॉट्सॲप गट काढला, आठवड्यातून एकदा ती चार ओळी लिहायची, त्या आधी मला वाचून दाखवायची. फोन थांबले. हे काम तुम्ही बँकेत बसूनही करू शकता.

तिसरी: डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जा आणि वहीत लिहून घ्या. 'कर्करोग' ऐकल्यावर पुढची दहा मिनिटं कानात काही शिरत नाही. निघायच्या आधी दोघींनी बसून प्रश्न लिहा. आणि डॉक्टरांसमोर तिच्या वतीने बोलू नका. तिला आठवेनासं झालं तर वही पुढे सरकवा.

ती चहा करते ते करू दे, पण येणाऱ्यांना आवरा. दुपारी एक ते चार कुणी यायचं नाही असं यजमानांना दारात सांगायला लावा. गप्प बसलेल्या माणसाला तेवढंच एक काम मिळेल.

निरांजन_वाट

धागा वाचते आहे. ऑपरेशनला शुभेच्छा. बाई धीर देत सुटली म्हणजे तिला भीती वाटत नाही असं नव्हे, एवढंच म्हणेन. माझी आई अशीच होती. रात्री दोन वाजता एकटी गॅलरीत बसायची.

डॉ_कृष्णाकिनारा

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. उपचारांबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण सोबत करणाऱ्याला काही गोष्टी माहीत असल्या तर पेशंटची भीती बरीच कमी होते, म्हणून लिहितो.

१. हा गर्भाशयमुखाचा कर्करोग नव्हे. दोन्हींची गल्लत नातेवाईक हमखास करतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, अस्तराचा नाही. त्यामुळे 'पॅप टेस्ट का नाही केली' असं तिला कुणी म्हणत असेल तर थांबवा. ती तपासणी अस्तराच्या कर्करोगासाठी नसते. इथे कारण बहुधा इस्ट्रोजेनचा अस्तरावर दीर्घकाळ होणारा परिणाम असतो. लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओएस, उशिरा पाळी जाणं, स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेली टॅमॉक्सिफेन गोळी यांनी धोका वाढतो. यातलं काहीही नसतानाही होतो. तिने काय केलं म्हणून झाला हे शोधू नका.

२. स्टेज ऑपरेशनच्या आधी नक्की सांगता येत नाही. पिशवी पॅथॉलॉजीकडे गेल्यावर गाठ स्नायूच्या थरात अर्ध्यापेक्षा कमी गेली की जास्त, लसिका गाठी स्वच्छ आहेत का, गाठीजवळच्या बारीक वाहिन्यांत पेशी दिसतात का, हे कळतं. या रिपोर्टाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. माझ्या अनुभवात पेशंटसाठी सगळ्यात अवघड काळ हाच असतो, आणि नेमकं तेव्हाच 'ऑपरेशन छान झालं' म्हणून लोक निर्धास्त होतात.

३. रिपोर्ट घेताना 'एमएमआर आणि पी५३ तपासलंय का' एवढं विचारा. एमएमआर म्हणजे पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनं, पी५३ हेही गाठीत तपासायचं एक प्रथिन. आता पुढचे उपचार फक्त स्टेजवर ठरत नाहीत, गाठीच्या जनुकीय प्रकारावरही ठरतात.

४. 'सुई लावली की पसरतो', 'तुकडा काढला म्हणून वाढला' या समजुती खोट्या आहेत.

आणि इथे वाचणाऱ्या प्रत्येकीसाठी: पाळी पूर्ण थांबल्यावर एकदा जरी रक्तस्राव झाला, अगदी एक डाग, तरी तपासून घ्या. अशा शंभर बायकांपैकी साधारण दहा जणींनाच कर्करोग निघतो, नव्वद जणींचं कारण साधं असतं. पण या कर्करोगाच्या बहुतेक पेशंटना पहिलं लक्षण रक्तस्रावाचंच असतं, त्यामुळे तो लवकर सापडतो. पिशवीच्या आत असताना सापडला तर पाच वर्षांनी नव्वदहून अधिक टक्के बायका हयात असतात.

हिरवा_चुडा

माझ्या मावशीने गव्हांकुराचा रस आणि एका वैद्यांची पुडी घेतली, तिला खूप फरक पडला. ऑपरेशनआधी एकदा विचार करा. कळकळीने सांगते आहे.

रानजाई

हिरवा_चुडा, कळकळ पोचली. पण मला कुणी असं सांगितलं होतं तेव्हा माझी घालमेल झाली होती. रस घेतला नाही आणि उद्या काही झालं तर माझीच चूक, असं वाटायला लागलं होतं. पेशंटच्या डोक्यावर हे ओझं नको. ऑपरेशन पुढे ढकलणं तर अजिबात नको.

डॉ_कृष्णाकिनारा

रानजाईंशी सहमत. कुठलीही पुडी, काढा, हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगायलाच हव्यात, काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो. किमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा न शिजवलेला रस टाळावा. घरचं ताजं, शिजवलेलं अन्न आणि पुरेशी प्रथिनं हेच औषधाला साथ देतं.

पाऊलवाट_६१

नमस्कार. मी पेशंटचा नवरा. पत्नीला हाच आजार झाला होता. गप्प झालेल्या यजमानांबद्दल वाचलं म्हणून लिहितो.

मी पण गप्प झालो होतो. मला वाटे, मी बोललो तर रडेन आणि ती खचेल. तिला वाटे, मला काही पडलेलंच नाही. आमच्या शेजारच्यांनी मला रोज सकाळी फिरायला न्यायला सुरुवात केली. आजाराबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आठ-दहा दिवसांनी मीच बोलायला लागलो. तुमच्या मैत्रिणीच्या यजमानांचा एखादा मित्र असेल तर त्याला हे काम द्या. आणि त्यांना वरण-भात, मऊ खिचडी, पोळ्या भाजणं एवढं कुणीतरी शिकवा. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला जड उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. बायका दुखत असूनही उठतात, कारण नवऱ्याला कुकर लावता येत नाही.

आता पैशाचं. याबद्दल पेशंटशी कुणी बोलत नाही आणि ती रात्रभर त्याचाच हिशेब करत असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन, किमो येतं. पण रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. तिथे 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड-आधार घेऊन आधी भेटा. विमा असेल तर कॅशलेसचा अर्ज आजच भरा. आमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला होता आणि तो धरून बसायला माझा मेहुणा होता म्हणून काम झालं. तुम्ही बँकेत आहात, कागद तुम्हाला कळतात. ही मदत तुमच्याइतकी चांगली कुणी करू शकणार नाही.

एक फाइल करा, तारखेप्रमाणे लावलेली. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड परत मागून घ्या, दुसरं मत घ्यायचं झालं तर ते लागतात. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून घरबसल्याही घेता येतं. आम्ही परळला गेलो होतो. मुंबईत घर नसलेल्यांसाठी नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण जागा मिळायला रांग असते, आधी चौकशी करून जावं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग पेशंटला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातून सही करून मिळतो.

लेस्टरची_सून

मी इंग्लंडमध्ये असते, माझी जिवाभावाची मैत्रीण पुण्यात यातून गेली. इथे प्रत्येक कर्करोग पेशंटला एक ठरलेली नर्स असते, शंका आली की तिला फोन करायचा. पुण्यात तिला असं कुणी नव्हतं, आणि साधा प्रश्न विचारायलाही ओपीडीची रांग लावावी लागायची, हे मला फार लागलं. डिस्चार्ज घेतानाच 'रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा' हे लिहून घ्या.

लांब असलेल्यांसाठी एक: तिची रात्र माझी संध्याकाळ असायची. तिला झोप लागायची नाही तेव्हा मी जागी. आम्ही शाळेतल्या बाईंवर, जुन्या साड्यांवर, कशावरही बोलायचो. आजाराचा विषय तिने काढला तरच.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली, फाइल केली, गट केला. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली. रक्त पातळ ठेवायची पोटातली इंजेक्शनं चालू आहेत, ती द्यायला यजमान शिकलेत. त्यांच्या हाताला काम मिळाल्यावर ते बोलायला लागले, हे रानजाईंनी म्हटलं तसंच झालं.

आता रिपोर्टाची वाट बघतोय. ती काल पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी काही बोलले नाही, नुसती बसून राहिले. बरोबर केलं का?

रानजाई

बरोबर केलंत. 'रडू नकोस, पॉझिटिव्ह राहा' म्हणाला नाहीत ना, बस.

सांजवारा

रिपोर्ट आला. स्टेज १-बी. गाठ स्नायूच्या अर्ध्याच्या पुढे गेलेली, लसिका गाठी स्वच्छ, पण वाहिन्यांत पेशी बऱ्याच दिसल्या. पी५३ नॉर्मल. एमएमआरमध्ये एमएसएच६ हे प्रथिन 'नाही' असं आलंय. बाहेरून रेडिएशनच्या २५ बैठका आणि नंतर आतून, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात ते. किमो सध्या नाही. डॉक्टर म्हणाले जनुकीय तपासणी करून घ्या. तिचे वडील आतड्याच्या कर्करोगाने गेले होते. ती आता स्वतःला विसरून मुलाचीच काळजी करत बसली आहे.

डॉ_कृष्णाकिनारा

एमएसएच६ नसणं ही लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या आणि अस्तराच्या व आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकदोषाची शक्यता दाखवते, वडिलांचा इतिहास पाहता तपासणी व्हायलाच हवी. ही रक्ताची तपासणी आहे. तिच्यात दोष सापडला तर प्रत्येक अपत्याला आणि भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी. पण हे कळणं उपयोगाचं आहे. ज्यांच्यात दोष आहे त्यांची ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी केली तर आतड्याचा कर्करोग होण्याआधीच गाठी काढून टाकता येतात. तिला सांगा, तिच्या रिपोर्टामुळे मुलाला आधी सावध होता येईल. जनुकीय समुपदेशकाकडे मुलालाही सोबत न्या.

रानजाई

रेडिएशनबद्दल माझ्याकडून. आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. मशीनखाली मिनिटं मोजकीच, वेळ जातो तो जाण्या-येण्यात आणि रांगेत. एकट्या माणसाला हे रोज जमत नाही. पाच मैत्रिणींनी पाच वार वाटून घ्या. बहुतेक ठिकाणी मूत्राशय भरलेलं ठेवून यायला सांगतात. आपला नंबर मागे गेला की पाणी पिऊन बसलेल्या बाईचे हाल होतात. त्यामुळे किती नंबर पुढे आहेत ते सोबतच्या बाईने बघत राहायचं आणि पाणी केव्हा प्यायचं ते सांगायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ सुरू होऊ शकते. डब्यात तेव्हा कच्च्या कोशिंबिरी, मटकी, तिखट नको. ताक-भात, मऊ मुगाची खिचडी, केळं. आणि थकवा. झोपून न जाणारा थकवा असतो तो. 'जरा फ्रेश हो, बाहेर चल' असा आग्रह करू नका. रोज दहा मिनिटं अंगणात तिच्या चालीने चाला, तेवढं पुरतं.

ब्रॅकीथेरपीबद्दल मोकळेपणाने लिहिते कारण कुणीच बोलत नाही. योनीमार्गात एक नळी ठेवून काही मिनिटं किरण देतात. दुखतं कमी, लाज आणि भीती जास्त वाटते. तुमच्या मैत्रिणीला आधीच सांगा की अंगावर पांघरूण मिळतं, आणि बाई डॉक्टर हवी असेल तर मागता येते. आतून दिलं म्हणून अंगात किरण राहत नाहीत. घरी गेल्यावर नातवाला लगेच मांडीवर घेता येतं. माझ्या जावेने तिचं बाळ महिनाभर माझ्यापासून लांब ठेवलं होतं, आणि ते मला ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

नंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर, म्हणजे आत ठेवायची गुळगुळीत नळी, वापरायला सांगतात. वयाची ५८ वर्षं झाली म्हणून डॉक्टर कधीकधी हा विषयच काढत नाहीत. पुढच्या तपासण्या त्रासाच्या होऊ नयेत म्हणूनही तो लागतो. तिने विचारलं नाही तर तिच्या वहीत हा प्रश्न तुम्ही लिहा.

केशरी_पहाट

किमो असलेल्या कुणी हा धागा वाचत असेल तर: माझ्या बहिणीला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन होतं, दर तीन आठवड्यांनी. घरात थर्मामीटर ठेवाच. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे कितीही वाजले असोत, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवरचे झुबके बघावे लागत नाहीत. आणि बोटांना मुंग्या, बधिरपणा आला तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगायचं. ती म्हणत होती, 'एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला सांगू.' ती छोटी गोष्ट नव्हती, तिला वर्षभर ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते.

सांजवारा

रेडिएशन दोन्ही प्रकारचं पूर्ण झालं. पाच वार पाच जणींनी सांभाळले, बुधवारी तर आमच्या शाळेतली एक वर्गमैत्रीण इस्लामपूरहून यायची. जनुकीय तपासणीत दोष आहे हे नक्की झालं. मुलगा बंगळुरूला तपासणी करून घेतोय. ती आता बरी दिसते, पण गेले काही दिवस चिडचिड करते. काल म्हणाली, 'आता सगळे म्हणतात झालं ना गं एकदाचं, आणि मला तर आत्ता भीती वाटायला लागली आहे.'

रानजाई

हे अगदी होतं. उपचार चालू असताना रोज कुणीतरी बघणारं असतं. मग एके दिवशी 'तीन महिन्यांनी या' म्हणतात आणि दार बंद. डबे थांबतात, फोन थांबतात. त्या वेळी मी सगळ्यात जास्त एकटी होते. तुमचा मंगळवारचा डबा असेल तर अजून दोन महिने चालू ठेवा. गट बंद करू नका.

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, मग अंतर वाढतं, पाच वर्षांपर्यंत. त्या तारखा तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका. माझ्या मैत्रिणीला माझ्या तारखा माझ्याआधी आठवायच्या. तारखेच्या आठवडाभर आधीपासून झोप जाते, तेव्हा फोन करा. पुन्हा रक्त दिसलं, पाय सुजायला लागला, ओटीपोटात सतत दुखलं, वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. हे यजमानांनाही माहीत हवं. रात्री झोपच लागत नसेल, मन फार खाली गेलं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

डॉ_कृष्णाकिनारा

लिंच नक्की झालं आहे, तर तिची स्वतःचीही कोलोनोस्कोपी ठरवून घ्या. पिशवी काढली तरी आतड्याचा धोका राहतो. बहुतेक वेळा या गडबडीत पेशंटचीच तपासणी राहून जाते. भावंडं किती आहेत?

सांजवारा

धाकटी बहीण कराडला, आणि एक भाऊ आहे. भाऊ टाळाटाळ करतोय. बहिणीला घेऊन मीच जाणार आहे पुढच्या सोमवारी, रजा टाकली. मैत्रिणीची कोलोनोस्कोपीही त्याच आठवड्यात ठरवते. भावाशी तिचे यजमान बोलतो म्हणालेत.